वाचणारे अण्णा, सोसणारा मी

मंगळवारची आरोग्य पुरवणी आमच्या घरी आधी अण्णांच्या हातात पडते, मग त्यांच्या लाल पेनाखाली जाते आणि दुपारपर्यंत माझ्या ताटात उतरते. मधल्या प्रक्रियेत माझं मत विचारण्याची पद्धत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. 1928 पासून तिथे नोटा छापतात, आणि अण्णांची सगळी नोकरी छापील ताव डोळ्यांत तेल घालून तपासण्यात गेली. शाई जरा पसरली, आकडा केसभर सरकला, की ताव बाजूला. निवृत्तीनंतर नोटा सुटल्या, नजर सुटली नाही. पेपरात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली की त्या दिवशी त्यांना बिनसाखरेचा चहासुद्धा गोड लागतो. मजकुराच्या खरेपणाबद्दल मात्र त्यांना कधीच शंका येत नाही. "छापलंय म्हणजे तपासूनच छापलं असेल ना?" हे नोटेच्या बाबतीत बरोबर आहे. काकडीच्या बाबतीत मला खात्री वाटत नाही.

इतकी वर्षं या पुरवणीच्या छायेत काढल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. आरोग्यावरचा लेख कुणीही स्वतःसाठी वाचत नाही. आई गुडघेदुखीवरचा लेख चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि मान वर करून हिला म्हणते, "हे तुझ्या आईला कळव हं." ही घोरण्याबद्दल वाचते ते माझ्याकडे बघत. वरच्या मजल्यावरच्या काकांना रक्तदाब आहे, पण ते वाचतात पोटाच्या घेराबद्दल, आणि घेर आमच्या बिल्डिंगमध्ये ठळकपणे मलाच आहे. म्हणजे वाचक चार आणि देह एक. लेखिका पुण्या-मुंबईत बसून 'प्रत्येकाने' असं लिहितात, तेव्हा त्या माझ्याबद्दल बोलत आहेत हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसतं.

अण्णांची कात्रणवही हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या जमाखर्चाच्या जाड वहीत ते कात्रणं चिकटवतात, तीही कणकेची खळ करून, कारण बाजारचा गम 'केमिकल' असतो. (हे कात्रण पान सातवर आहे.) खळीमुळे वहीला झुरळं लागली, तेव्हा झुरळांवरच्या घरगुती उपायांचं कात्रण त्याच खळीने त्याच वहीत चिकटलं. कात्रणाची पाठ फारशी कुणी बघत नाही, मी बघतो. 'हृदयाची काळजी' या लेखाच्या मागे कुणाची तरी श्रद्धांजली आहे, फोटोसह. गृहस्थ गालातल्या गालात हसत आहेत.

याच वहीतून माझ्या आयुष्यात दुधीचा रस आला. रोज सकाळी अनशापोटी एक पेला, वर चार पुदिन्याची पानं. मी नाक दाबून, डोळे मिटून तो घशाखाली ढकलत असे. अण्णा समोर उभे राहून पेला रिकामा झाल्याची खातरजमा करत. स्वतः ते त्या वेळी चहा-खारी घेत असत, कारण लेखात 'वजन कमी करू इच्छिणाऱ्यांनी' असं स्पष्ट लिहिलं होतं आणि त्यांची तशी काही इच्छा नव्हती.

एके दिवशी कन्या रद्दी बांधत होती. रद्दीत तोच अंक निघाला, मधोमध चौकोनी खिडकी कापलेला. लेख चार स्तंभांचा होता. तिसऱ्या स्तंभानंतर कंबरपट्ट्याची एक उभी जाहिरात घुसली होती आणि लेखाचं शेपूट जाहिरातीच्या पलीकडे गेलं होतं. अण्णांची कात्री सरळ रेषेत चालते. जाहिरात लागली तिथे लेख संपला. उरलेलं शेपूट कन्येने मोठ्याने वाचलं: दुधी काकडीच्या कुळातला. या कुळातल्या फळभाज्यांत कधी कधी कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं, आणि ते विषारी असतं. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत मजल जाते. आपल्या देशात असा कडू रस पिऊन माणसं दगावली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यासाठी तज्ज्ञांची समितीही नेमली होती. म्हणून रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून बघावी, कडू लागली तर टाकून द्यावी.

"बाबा, तुम्ही चाखून बघायचात ना?"

नाक दाबून पिणाऱ्याला चव कुठून कळणार? मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी शांतपणे विचारलं, "काही झालं का तुला?"

"नाही."

"मग गोडच असणार." आणि त्यांनी ते शेपूट कापून वहीत जागा शोधायला घेतली. मूळ लेख पान एकोणतीसवर, शेपूट पान त्रेसष्टवर. मधली पानं भरलेली होती.

यात अण्णांना एकट्याला दोष देता येत नाही. रोज आठ पेले पाणी प्यायलाच हवं, हे सगळ्या जगाला पाठ आहे. 1945 साली अमेरिकेतल्या एका आहार मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, तिथून हे निघालं असं मानतात. लगेच पुढे त्यांनी म्हटलं होतं, की यातलं बहुतेक पाणी जेवणाखाण्यातूनच मिळून जातं. पहिलं वाक्य जगभर हिंडलं, दुसरं जागेवरच राहिलं. तिथेही कुणी अण्णा कात्री घेऊन बसले असणार.

दहा हजार पावलांचंही तेच. काका कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर घड्याळात बघत चालतात आणि आकडा भरेपर्यंत घरी येत नाहीत. भरत आला नाही तर पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. हा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकणाऱ्यांनी रूढ केला. 2019 मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवर झालेल्या अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपासच फायदा वाढायचा थांबला होता. हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. काका म्हणाले, "बायकांचा अभ्यास आहे ना? तुमच्या वहिनींना... म्हणजे मिसेसना सांगा." आणि पुढे गेले.

द्राक्षांच्या दिवसांत मात्र घराचं न्यायालय होतं. निफाडकडचे नातेवाईक दरवर्षी एक क्रेट पाठवतात. ते दारात उतरलं की वहीतून दोन कात्रणं निघतात. एकात द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉल नावाच्या द्रव्याचे गोडवे आहेत. दुसऱ्यात 100 ग्रॅम द्राक्षांत 15-16 ग्रॅम साखर असते असा इशारा आहे. दोन्ही डॉक्टरांनी लिहिलेली, दोन्ही छापील. अण्णांना छापील मजकुराचा अवमान सहन होत नाही. त्यांनी खूप विचार करून निवाडा दिला, की मी साल खावी आणि गर नातीने. आता सोनाका जातीचं द्राक्ष सोलायला बसून बघा. मी, ही आणि अण्णा, तिघे जण ताटली घेऊन बसलो होतो. साल नखात, गर जमिनीवर, रस कोपरापर्यंत. ही म्हणाली, "अण्णा, लेखात सोलायचं कसं ते दिलंय का?" अण्णा वही उघडून बघायला लागले. तेवढ्यात आईने मागच्या मागे एक अख्खा घड संपवला होता, बियांचा प्रश्न नव्हताच, आणि ती देठ घेऊन शांतपणे ओट्याकडे निघाली होती. तिला साखर आहे. तिच्याबद्दल त्या आठवड्यात लेख नव्हता.

आणि रविवारची मिसळ! नाशिकच्या माणसाच्या कुंडलीतच मिसळ असते. मखमलाबादच्या बाजूला मळ्यात झाडाखाली बाकडी टाकलेली, चुलीवर काळ्या मसाल्याचा रस्सा, वर शेव, पापड, दह्याची वाटी. तिथे आम्ही सहकुटुंब जातो आणि अण्णा शर्टाच्या खिशात कात्रण घेऊन येतात. मी तर्रीची वाटी ओढली की कात्रण बाहेर. 'चाळिशीनंतरचा आहार'. तळलेलं टाळा, पाव टाळा, तिखट टाळा. मग माझ्यापुढे मोड आलेली मटकी राहते, सुकी, आणि तिच्याबरोबर लिंबाची फोड. अण्णा दुसऱ्यांदा तर्री मागवतात. मी एकदा धीर करून विचारलं.

"हा लेख चाळिशीवाल्यांचा आहे," अण्णा पाव बुडवत म्हणाले. "मी त्या वयातून केव्हाच सुटलो."

आरोग्याच्या जोडीला हल्ली समाजही सुरू झाला आहे. 'हरवलेला संवाद' या लेखापासून आमच्याकडे रात्री जेवताना मोबाइल फ्रीजवर ठेवतात आणि संवाद करतात. बोलण्यासारखं काही नसल्यामुळे संवाद लेखावरच होतो. नंतर एकटेपणावरचा लेख आला. 2023 मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी अहवाल काढला होता, त्यात माणसांचा सहवास तुटल्याने जिवाला होणारी हानी दिवसाला 15 सिगारेटींपर्यंतच्या धूम्रपानाइतकी धरली होती. अण्णांनी '15' भोवती दोनदा वर्तुळ काढलं आणि वरच्या मजल्याकडे बोट केलं. काकू गेल्यापासून काका एकटेच असतात, मुलगा पुण्याला. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी सातला खाली येतात. येताना स्वतःचा पेपर घेऊन येतात, कारण आमचा त्यांना पटत नाही. त्यांच्या पेपरात आरोग्याचं पान शुक्रवारी असतं. माझा आठवडा असा दोन्ही बाजूंनी भरला.

मागे काका दोन दिवस आले नाहीत, ताप होता. अण्णा स्वतः मऊ खिचडीचा डबा घेऊन जिना चढले. त्या दिवशी खिशात कात्रण नव्हतं, मी बघितलं होतं.

काका सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद. हे वाचनालय 1840 चं, आणि काका तिथलं सगळं वाचून झाल्यासारखे बोलतात. एका संध्याकाळी त्यांनी लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचा विषय काढला. 1927 ते 1953, एवढी वर्षं त्या माणसाने 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालवलं. ज्या गोष्टी लोक डॉक्टरलाही विचारत नसत, त्या वाचक पत्राने विचारत आणि कर्वे अंकात उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. "बघा," काका म्हणाले, "प्रश्न विचारणारे वाचक घरी, आणि कोर्टात कर्वे." मला एकदम त्या थोर माणसाबद्दल आपलेपणा वाटला. अण्णांच्या मनात मात्र वेगळंच शिरलं. आपणही पेपराला पत्र लिहिलं पाहिजे.

संधी मिठाने दिली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक चमचा, तोही शीग न लावता. लेखात पापड, फरसाण, लोणचं यांचा नावानिशी उद्धार होता. पापड-फरसाण अण्णांनी माझ्या नावावर टाकलं. पण लोणचं! आईच्या हातचं कैरीचं लोणचं अण्णा जेवणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि दहीभाताबरोबर असं तीनदा घेतात. पहिल्यांदाच एखादा लेख उडत येऊन त्यांच्याच ताटात पडला होता.

अण्णांनी फुलस्केप कागद काढले. 'संपादक महोदय, स. न. वि. वि. आपल्या अंकातील मिठाविषयीचा लेख वाचला. लेख उत्तम असून प्रत्येक ज्येष्ठाने तो आचरणात आणावा असा आहे. परंतु' आणि या 'परंतु'नंतर दोन पानं. लोणच्यातलं मीठ तेलात असल्याने ते अंगी लागत नाही, आमचे आजोबा लोणचं खाऊन ब्याण्णव वर्षं जगले, लेखात 'सोडियम' दोन ठिकाणी वेगवेगळं छापलं आहे, असं बरंच काही. पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, काकांना दाखवलं, मग पोस्टाने पाठवलं. ईमेल त्यांना तपासता येत नाही.

पत्र छापून आलं. वाचकांच्या पत्रव्यवहारात, तळाला: 'मिठाविषयीचा लेख उत्तम असून प्रत्येक ज्येष्ठाने तो आचरणात आणावा असा आहे.' खाली अण्णांचं पूर्ण नाव आणि नाशिक. बस्स.

आईने ते दोनदा वाचलं, पदराला हात पुसले आणि लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवायला लावली. मलाच स्टुलावर चढवलं.

"अगं, खरं पत्र तर पुढे आहे!" अण्णा कासावीस झाले. "त्यांनी कापलंय!"

"असेल. पेपरात एवढंच आहे. आणि नाव तुमचं आहे."

संध्याकाळी काका जॉगिंग ट्रॅकवरच्या चार जणांना घेऊन अभिनंदनाला आले. त्यातल्या एकाने अण्णांचे हात हातात घेऊन सांगितलं, की तुमचं पत्र वाचून आमच्याकडेही आजपासून लोणचं बंद. अण्णांनी त्याला बिनमिठाचे शेंगदाणे दिले.

रात्री पाणी प्यायला उठलो तर अण्णा स्वयंपाकघरात अंधारात माळ्याकडे बघत उभे. मला बघून खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या बाजारात, रविवार कारंजावर, जाशील का? पाव किलो कैरीचं आण. पुडी आईला दाखवू नकोस."

मी लगेच भाव सांगितला. रविवारी मिसळ, दोन वाट्या तर्री, खिशात कात्रण नाही.

अण्णांनी बराच वेळ विचार केला.

"एक वाटी," ते म्हणाले. "आणि वर ताक प्यायचं."