लाल रेघ

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे: 2021 ला चिपळूण बुडालं ते हवामान बदलाने की वाशिष्ठी नदीतल्या गाळाने? निमित्त माझ्या चुलतभावाचं. तो एका संस्थेतर्फे गावोगाव हवामान बदलावर बोलतो. परवा एका ग्रामसभेत त्याने पडद्यावर आलेख दाखवले, दीड अंशाच्या तापमानवाढीचं सांगितलं, 2100 सालापर्यंत काय होईल ते सांगितलं. मागून एक म्हातारे म्हणाले, "2100चं ऱ्हाऊ दे, येत्या मिरगाचं सांग." सभा हसली. हा घरी येऊन लिहितो, "लोकांना कळतच नाही. दादा, तुमच्याकडे लोक किती जागरूक असतील!"

तुमच्याकडे म्हणजे नेदरलँड्समध्ये. रॉटरडॅमच्या ज्या भागात मी राहतो तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ सहा मीटर खाली आहे, एवढ्या भांडवलावर घरात मी पाण्यातला तज्ज्ञ.

मलाही चढलं. लांबलचक मेसेज लिहिला. चिपळूणच्या आधी जेमतेम आठवडाभर इकडे लिम्बर्ग प्रांतात फाल्केनबर्ग गाव बुडालं, पण अख्ख्या देशात पुराने एकही माणूस गेला नाही. याला म्हणतात लोकांपर्यंत पोचणं, वगैरे. त्याच पावसाने सीमेपलीकडे जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात सव्वाशेच्या वर माणसं गेली, हे लिहिलं नाही. मुद्दा बिघडत होता. तिथे अंदाज आधीपासून होते. जोरदार पाऊस येणार हे लोकांना कळलं होतं, आपल्या जिन्यापर्यंत पाणी येणार हे कळलं नव्हतं. 1910 मध्ये त्याच नदीला मोठा पूर आला होता, पण तो आठवणारं माणूस उरलं नव्हतं.

आणि डच काही पोटातून शहाणे होऊन येत नाहीत. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्र आत आला, तेव्हा रेडिओ रात्री बंद असायचा. झोपेतच पाणी घरात शिरलं. 1,836 माणसं गेली. आता पोस्टकोड टाकला की बांध फुटल्यावर तुमच्या घरात किती पाणी चढू शकेल ते वेबसाइट दाखवते. आलेख नाही, 2100 नाही. तुमचं घर आणि पाण्याची उंची.

हेच आमच्या काकांनी वेबसाइटशिवाय केलंय. चिपळूणच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या दुकानाच्या चौकटीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. 26 जुलै 2005 ची माझ्या छातीशी येते. 22 जुलै 2021 ची थेट माळ्याच्या फळीला टेकलेली, तिच्याखाली रंगाचा एक ओघळ तसाच वाळलेला. सरकारी पूररेषा वेगळ्या: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. काकांचा प्रश्न साधा आहे: "सोळा वर्षांत दोनदा दुकान धुतलं. मग तुझी ती शंभर वर्षं कुठनं मोजायची?"

हवामान बदलावर याहून नेमका प्रश्न मी इथल्या कुठल्या परिसंवादातही ऐकलेला नाही. भावाने सुरुवात इथून करायला हवी होती. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, ते दोन दिवसांत एकदम कोसळतं, आणि खाली गाळाने भरलेल्या नदीत त्याला जागा नसते. गाळ आणि तापमान एकाच वाक्यात बसतात. पण आमच्या भावाला गाळ म्हटलं की लोक मुद्दा टाळतायत असं वाटतं, आणि काकांना हवामान म्हटलं की धरणवाल्यांना मोकळं सोडतायत असं. वरच्या कोळकेवाडी धरणाचं नाव निघालं की काकांचा आवाज अजून चढतो.

लोकांना कळत नाही म्हणे! थंडी लांबली की आंब्याला पुनर्मोहोर येतो आणि आधी धरलेली सुपारीएवढी कैरी गळून पडते, हे आमच्याकडचा कुठलाही बागायतदार चहा पिता पिता सांगेल.

"आमच्याकडचा" लिहून गेलो. काकांनी माझ्या मेसेजला एवढंच उत्तर दिलं होतं: "तू इकडचा पाऊस शेवटचा कधी बघितलास?" 2009 साली. मी डिसेंबरात येतो, हवा बरी असते म्हणून. काका माळ्यावर बसून होते तेव्हा मी इथे चहाचा कप घेऊन फोन फिरवत होतो. दोन दिवस लागला नाही.

इकडचाही मी किती? आमच्या वॉटरस्खापच्या, म्हणजे इथलं पाणी आणि बांध सांभाळणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीत मला मत देता येतं. कार्ड घरी आलं, तसंच रद्दीत गेलं. आणि ज्या वेबसाइटचं एवढं कौतुक सांगितलं, तिच्यात माझा पोस्टकोड मी काल रात्री पहिल्यांदा टाकला. आकडा आला, तो ग्रुपवर टाकला नाही. काकांना वेगळा मेसेज केला, तुमची वरची रेघ जमिनीपासून नेमकी किती फुटांवर आहे?

सकाळी उत्तर आलं होतं. "जुलैत ये. टेप घेऊन ये."