शोशोनी म्हणजे ‘संपलेली बोली’?

अमेरिकेतल्या मूळनिवासींवरच्या पोस्टांमधून एक वाक्य फिरत असतं : ‘शोशोनी ही लिपी-व्याकरण नसलेली, मोजक्या शब्दांची बोली होती, आता संपली.’ यातला एकही दावा टिकत नाही.

लिपी : रोमन अक्षरांत शोशोनी लिहिण्याच्या एक सोडून दोन पद्धती चालतात. एक बेव्हर्ली क्रम आणि विक मिलर या भाषा-अभ्यासकांची, दुसरी आयडाहो स्टेट विद्यापीठातली. ‘आपली भाषा’ हे पहिलीत ‘तम्मेन ताइक्वाप्पेह’ होतं, दुसरीत ‘दम्मेन दाइग्वापे’. भेद मुख्यतः लेखनाचा. शोशोनीत दोन स्वरांमधला प सैल पडून व-सारखा ऐकू येतो, त र-सारखा. अनुनासिकानंतर तेच ब आणि द होतात. पहिली पद्धत मूळ व्यंजन लिहून बदल वाचणाऱ्यावर सोपवते, दुसरी कानाच्या जवळ राहते. नवशिके अडकतात ते इथेच. शब्दाचं पहिलं व्यंजन कसं ऐकू येणार, हे आधीचा शब्द ठरवतो; ऐकलं तसं लिहून कोश उघडला की शब्द सापडत नाही. शिवाय ‘तम्मेन’मधला ए हा ए नाहीच. ओठ गोल न करता उ म्हणून पाहा, म्हणजे जवळ जाल. शब्दाच्या शेवटचा स्वर तर पुष्कळदा नुसता कुजबुजतात.

(लिपीवरून भाषेची लायकी ठरवणं आपण कोकणीच्या वादात ऐकलंच आहे.)

व्याकरण : ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत शोशोनी मराठीसारखाच फरक करते, वर मराठीने सोडून दिलेलं द्विवचनही बाळगते. गौण वाक्याचा कर्ता मुख्य वाक्याचाच की दुसरा, हे क्रियापदाच्या प्रत्ययावरून कळतं.

शब्द : धातूला ‘मा’ लागला की क्रिया हाताने, ‘ता’ने पायाने, ‘त्सि’ने टोकदार वस्तूने, ‘कु’ने उष्णतेने. एका धातूपासून किती क्रियापदं निघतात ते न पाहता शब्द मोजण्यात अर्थ नाही. मिलर यांनी कथा आणि कोश 1972 मध्येच छापला होता.

‘संपली’ : धोक्यात आहे, हे खरं. बोलणारे अंदाजे हजारभर, बहुतेक वयस्कर. नेव्हाडा, आयडाहो, वायोमिंग, युटामध्ये विखुरलेले. पण युटा विद्यापीठाने 2009 पासून तरुणांसाठी उन्हाळी वर्ग चालवले, आणि आयडाहोतल्या फोर्ट हॉल या शोशोन-बॅनॉक जमातीच्या राखीव प्रदेशात 2013 मध्ये ही भाषा शिकवणारी प्राथमिक शाळा उघडली. आकडे वाचताना मात्र ‘शोशोन-बॅनॉक’ हे जमातीचं नाव आहे, भाषेचं नाही, हे ध्यानात ठेवावं. त्यातल्या बॅनॉक लोकांची भाषा उत्तर पायूट, म्हणजे वेगळ्याच शाखेची.