स्कॉलरशिप नावाची सूट

आमच्या घरात गेले तीन आठवडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. लेकीच्या फोनवर मेल वाजला की बायको कणकेच्या हातानं बाहेर येते, मी मीटिंग म्यूट करतो, आणि मेल निघतो शाळेच्या यरबुकचे पैसे भरा म्हणून. न्यू जर्सी, बारावीचं वर्ष, नऊ कॉलेजांना अर्ज. चार ठिकाणी हो, एका ठिकाणी नाही, एका ठिकाणी वेटलिस्ट, तीन बाकी. त्या चारांतलं एक आमच्याच राज्याचं विद्यापीठ. त्यांनी प्रवेश जानेवारीतच दिला, पण ऑनर्स कॉलेजचं (विद्यापीठाच्या आतच निवडक मुलांसाठी असलेल्या छोट्या विभागाचं) उत्तर आणि पैशांचं पत्र अजून यायचंय. म्हणजे मांडवात घेतलंय, पंगतीत कुठे बसवणार ते सांगत नाहीत.

तर या रिकाम्या वेळात 'स्कॉलरशिप' या शब्दावर माझा जो राग साठलाय, तो इथे काढतो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

हा शब्द मी कऱ्हाडहून घेऊन आलो. सातवीची स्कॉलरशिप. सकाळचे जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीचं पानं सुटलेलं गाईड, आणि निकालाच्या दिवशी फळ्यावर खडूनं लिहिलेली नावं. पैसे किती मिळायचे ते सांगितलं तर आजची पोरं हसतील. पण पैशाला विचारतं कोण, फळ्यावर नाव होतं! आमच्या पिढीच्या डोक्यात स्कॉलरशिप म्हणजे तो फळा.

फेब्रुवारीत एका खासगी कॉलेजचं जाडजूड पाकीट आलं. प्रेसिडेंट्स स्कॉलरशिप, वर्षाला २४,००० डॉलर. मी (चूक माझीच) लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. आईनं मनातल्या मनात रुपये केले, वीस लाखांवर येऊन थांबली, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे वाटून मोकळी झाली. त्या कॉलेजचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च ८६,००० डॉलर आहे, म्हणजे उरलेले ६२,००० आम्ही भरायचे, हे सांगायचा मला धीर झाला नाही. आमच्या राज्याच्या विद्यापीठात एक पैशाची स्कॉलरशिप नसली तरी सगळं मिळून जेमतेम ३८,००० होतात. आईच्या हिशेबात मात्र तिथे नातीला 'काहीच मिळालं नाही'.

लग्नाच्या बस्त्याला गेलेल्या कुणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागू नये. दुकानदार आधी चढा भाव सांगतो, मग आवाज खाली आणून 'खास तुमच्यासाठी' म्हणत तो उतरवतो. इथे त्या उतरवलेल्या आकड्याला प्रेसिडेंटचं नाव देतात आणि पत्राला सोनेरी कड लावतात. इथल्या कॉलेजांच्या हिशेबनीसांची नॅकुबो नावाची संघटना दरवर्षी याची पाहणी करते. खासगी कॉलेजं नव्यानं येणाऱ्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, असं त्यात दिसतं. जवळजवळ सगळ्यांनाच काही ना काही सूट मिळत असेल, तर मग ते बक्षीस कसलं? तो भाव आहे. तुमची मुलगी आली तर कॉलेजच्या मुलांच्या गुणांची सरासरी वर जाते आणि उरलेली फी तुम्ही भरू शकाल असं त्यांना वाटतं, एवढंच ते पत्र सांगतं.

ज्यांच्या दारात रांग आहे ते सूट देतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, म्हणजे आयव्ही लीग म्हणतात ती सगळी नावाजलेली जुनी विद्यापीठं गुणांवर एक डॉलर देत नाहीत. त्यांची मदत फक्त घरच्या उत्पन्नाकडे बघून. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी छाती फुगवून 'आमच्या मुलाला हार्वर्डनं स्कॉलरशिप दिली' म्हणालं, की मला हसू दाबावं लागतं. बिचारा स्वतःचं उत्पन्न सांगतोय! (मुलाचं कौतुक आहेच, तिथे पोचणं सोपं नाही.) त्यापेक्षा मला अलाबामाचं सरकारी विद्यापीठ सरळ वाटतं. बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठी त्यांनी तक्ताच लावलाय, शाळेचे गुण इतके, सॅट या प्रवेशपरीक्षेचे इतके, तर सूट इतकी. भावफलक दुकानाबाहेर.

आणि कर्ज! एका कॉलेजच्या पत्रात 'तुमचे अवॉर्ड' म्हणून चार ओळी होत्या. मी कौतुकानं बेरीज केली. बायकोनं चष्मा लावून वाचलं तर त्यातली ५,५०० ची ओळ पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या नावावर मिळणारं सरकारी कर्ज, आणि खालची ओळ कॅम्पसवर काम करून मिळू शकणारा पगार. कर्जाला अवॉर्ड म्हणायचं डोकं कुणाचं, ते बघायला हवं. हे काही आमच्याच नशिबी आलेलं नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या जीएओनं २०२२ च्या अहवालात म्हटलंय, की ९१ टक्के कॉलेजं अशा पत्रात खरा खर्च एकतर सांगतच नाहीत किंवा कमी करून सांगतात.

हे सगळं मी चेष्टेत लिहितोय, पण त्या पाकिटाच्या आठवड्यात लेक दोन दिवस नीट जेवली नाही. तिच्या मैत्रिणीला त्याच कॉलेजनं ३२,००० दिले होते. 'बाबा, मी चोवीसची आणि ती बत्तीसची,' असं म्हणाली आणि खोलीत गेली. मला फळा आठवला. तिला बाजारभाव दिसत होता आणि ती तो निकाल म्हणून वाचत होती. असं वाचायला तिला शिकवलं कुणी? पेढे वाटणाऱ्या आम्हीच.

माझं ठाम मत झालंय, की वर्षाला आपण किती देऊ शकतो तो आकडा मुलांना अकरावीतच सांगावा, अर्ज करायच्या आधी. मी नाही सांगितला. मी म्हणालो, 'तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो.' हे माझ्या वडिलांचं वाक्य. त्यांना ते परवडायचं, कारण सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची फी त्यांच्या पगारात बसत होती. मी तेच वाक्य इथे, दुसऱ्या घराच्या किमतीएवढ्या गोष्टीसाठी वापरलं. आता यादीत अशी तीन कॉलेजं आहेत जी आम्हाला झेपणारच नाहीत, आणि पोर त्यांच्या निकालाची वाट बघत जागी राहते. जवळजवळ प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या साइटवर खऱ्या खर्चाचा अंदाज देणारं कॅल्क्युलेटर ठेवावंच लागतं. अर्ध्या तासाचं काम. मी फ्रीज घेताना यापेक्षा जास्त वेळ घालवला होता.

अर्ली डिसिजनचंही तेच. नोव्हेंबरात अर्ज, घेतलं तर जायलाच हवं असा शब्द देऊन. दुसऱ्या दुकानात भावच न विचारता साडी फाडायला सांगण्यासारखं ते. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल करावं.

ऑनर्सची वाट मात्र मी मनापासून बघतोय. इथल्या स्वार्थमोर नावाच्या छोट्या कॉलेजात तिथले प्रेसिडेंट फ्रँक आयडेलॉट यांनी १९२२ मध्ये ऑक्सफर्डवरून ही पद्धत आणली, मूठभर मुलं, एक प्राध्यापक, समोर बसून वाद. चाळीस हजार मुलांच्या विद्यापीठात असा लहानसा वाडा मिळणं ही मला कुठल्याही सोनेरी कडेपेक्षा मोठी गोष्ट वाटते. पण तिथेही डोळे उघडे ठेवावेत. काही ठिकाणी ऑनर्स म्हणजे बरं हॉस्टेल आणि वर्ग निवडायला इतरांच्या आधी नंबर, बस्स. एका कॉलेजच्या माहिती सत्रात मी विचारलं, 'किती मुलं घेता ते कळलं, शेवटचा प्रबंध पुरा करून ऑनर्ससकट बाहेर किती पडतात?' व्यासपीठावरच्या बाई गोड हसल्या आणि जेवणघराबद्दल बोलू लागल्या. आणखी एक. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (चारपैकी सरासरी गुण) लागतो, ते बारीक अक्षरात असतं. कुठे ३.०, कुठे ३.५. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ३.५ म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

मंडळाचा पाडवा नेमका याच दिवसांत येतो. श्रीखंडाच्या रांगेत 'मग, कुठे ठरलं?' असं निदान आठ जण विचारणार. यंदा लेक येणार नाही म्हणाली, आणि मी आग्रह केला नाही.

१ मेपर्यंत ठरवायचंय. काल रात्री माझी एक्सेल तिनं स्वतः उघडली, स्कॉलरशिपचा रकाना सरळ पुसून टाकला आणि फक्त 'आपण भरायचे' एवढाच ठेवला. आकड्यांकडे बराच वेळ बघून म्हणाली, 'त्या चोवीसवाल्यांना मेल लिहू का? अजून काही कमी करता येतं का, असं?' मी म्हटलं, बघू, असं विचारणं बरं दिसेल का.

आतून बायकोचा आवाज आला, 'विचार की. सांगितलेल्या भावाला कोण घेतं?'