तेहरानमध्ये सुखाने पत्रकारिता कशी करावी

ताई, तेहरानच्या दैनिकात बातमीदार व्हायचंय? जरूर व्हा. तिथं बायकांना लिहायला मुळीच बंदी नाही. केशराचे भाव आहेत, नवरोजचे पदार्थ आहेत, विषयांना काय तोटा?

फक्त इस्पितळात जाऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘शर्घ’ दैनिकाच्या निलूफर हामेदी गेल्या. हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी धरलेली २२ वर्षांची महसा अमिनी तिथं बेशुद्ध पडली होती. घरच्यांनी एकमेकांना मिठी मारली, तर बाईंनी फोटो काढून ट्विटरवर टाकला! अहो, थोडी कळ काढायची. मुलगी जुन्या आजारानं गेली, असं सरकारी डॉक्टरांनी पुढं सांगितलंच. आयती बातमी घरपोच मिळाली असती.

मयतालाही जाऊ नका. ‘हममिहन’ दैनिकाच्या इलाहे मोहम्मदी महसाच्या गावी, साक्केझला, तिच्या दफनविधीला गेल्या आणि दिसलं ते लिहून मोकळ्या झाल्या. दोघींनाही त्याच महिन्यात उचललं. गुप्तचर खात्याच्या मते दोघी सीआयएच्या हस्तक. पुरावा? स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून लिहिलं, आणखी काय हवं! २०२३ मध्ये युनेस्कोनं त्यांना आणि मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदींना पत्रस्वातंत्र्याचा पुरस्कार दिला. तो घ्यायला तिघींपैकी एकीलाही सवड नव्हती, तिघी तुरुंगात. त्याच वर्षी अमेरिकेशी संगनमताबद्दल हामेदींना ७ आणि इलाहेबाईंना ६ वर्षं सुनावली गेली.

मासिक काढणार असाल तर शाहला शेर्कत यांचा कित्ता गिरवू नका. त्यांचं १९९२चं ‘झनान’ हे बायकांचं मासिक सरकारनं २००८ मध्ये बंद पाडलं. तरी खोड जाईना. २०१४ मध्ये ‘झनान-ए-इमरूझ’ काढलं आणि त्यात लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांवर लिहिलं. २०१५ मध्ये तेही स्थगित. अशी जोडपी इराणात असतात, हे सरकारला बिचाऱ्याला अंक वाचूनच कळलं असणार. केवढा धक्का बसला असेल!

आणि जामीन मिळालाच, तर बाहेर आल्यावर फोटोपुरतं तरी डोकं झाका. जानेवारी २०२४ मध्ये हामेदी आणि इलाहेबाई उघड्या डोक्यानं हसत उभ्या राहिल्या. लगेच नवी तक्रार दाखल. पुढं संगनमताचा आरोप अपिलात टिकला नाही आणि २०२५ मध्ये उरलेल्या आरोपांतून माफी मिळाली. तुम्हालाही मिळाली तर मुकाट्यानं घ्या. माफी नेमकी कशाबद्दल, असं मात्र विचारायला जाऊ नका. विचारलंत की ती पुन्हा पत्रकारिताच झाली.