शेपूला स्टार नाही

आज संध्याकाळी लेकीच्या दप्तरातून डबा काढला आणि हाताला जड लागला. रोज डबा भरणाऱ्याला झाकण काढायच्या आधीच कळतं. शेपूची भाजी जशीच्या तशी. ज्वारीच्या भाकरीचा एक कोपरा तेवढा तुटलेला.

"बाबा, आज रॅप होता ना. मला स्टार नाही मिळाला."

तर शाळेत सध्या 'हेल्दी टिफिन वीक' चालू आहे. पालकांच्या ग्रुपवर तक्ता आलाय. सोमवारी फ्रूट सॅलड, मंगळवारी व्हेज रॅप, बुधवारी पनीर सँडविच, गुरुवारी स्प्राउट्स. वर मायना 'प्रिय मातांनो'. (आमच्याकडची माता पावणेसहाला ड्यूटीला निघते. जूनपासून डबा पिताश्री भरतात. असो.) तक्त्याप्रमाणे डबा असेल तर वहीवर सोनेरी स्टार. मी भाकरीत भाजी गुंडाळून दिली होती. अहो, गुंडाळलेलीच होती की! आणखी काय असतं रॅपमध्ये?

काल रात्री टीव्हीसमोर बसून शेपू निवडला. कोवळी पानं तेवढी घेतली, मूगडाळ भिजवली, सकाळी लसणाची फोडणी दिली. वर्गात डबा उघडल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी "ईऽऽ वास" केलं, पोरगी म्हणाली. आणि टीचर? टीचरनी तक्ता बघितला आणि पुढे गेल्या.

मला लगेच आमच्या बाई आठवल्या.

१९९६ साल, कोरेगाव तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, मी तिसरीत. तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती, हजेरी भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. तो पिशवीतून घरी न्यायचा आणि दुपारी घरचा डबा खायचा. एकदा माझ्या डब्यात शेपू. आजच्यासारखंच "ईऽऽ" झालं. मी झाकण आडवं धरून खायला लागलो. बाई त्यांचा डबा घेऊन आमच्यातच बसायच्या. लांबूनच म्हणाल्या, "शेपूचा वास येतोय, कुणाच्या डब्यात आहे रे? इकडं आण." माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, खाल्ली आणि म्हणाल्या, "आईला सांग, लसूण झकास लागलाय." संपलं. पोरं माझ्या डब्यावर तुटून पडली. मला जेमतेम दोन घास मिळाले. त्या आठवड्यात आणखी तिघांच्या डब्यात शेपू आला.

ना तक्ता, ना स्टार.

आता मला सांगा, सात वर्षांचं पोर तक्ता वाचून खातं का? ते शेजारच्याचं तोंड बघतं. टीचरचं तोंड बघतं. आणि आपल्या शाळांनी नेमकं तेच बंद केलंय. 'डबा शेअर करू नये', सूचना क्रमांक चार. सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग. टीचर स्टाफरूममध्ये जेवणार. मग पोरांनी भाजी खायला शिकायचं कुणाकडून?

अ‍ॅलर्जीचं कारण देतात. खरं आहे, मान्य. एखाद्याला शेंगदाणा चालत नाही. आणि आमच्या वेळीही सगळेच सगळ्यांच्या डब्यातलं खायचे असं म्हणालो तर खोटं ठरेल. गावात जात होती, ती डब्यापर्यंत यायची. बाई मुद्दाम सगळ्यांच्या डब्यातला घास घ्यायच्या, तो का घ्यायच्या हे मला फार उशिरा कळलं.

राग याचा येतो की हाच वर्ग वाढदिवसाला क्रीमचा केक खातो. चाळीस पोरं म्हणजे चाळीस वाढदिवस. तेव्हा तक्ता कुठे असतो? शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचं काही विकायचं नाही, हा २०२० चा नियम आहे. आमच्या फाटकापासून बारा पावलांवर कुरकुरीत पुड्यांच्या माळा लटकतात. मी मोजलीयत पावलं. त्या टपरीवाल्याला कुणी 'प्रिय' लिहीत नाही. तक्ता फक्त आम्हाला. आणि सरकारी शाळांतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं मिळायला लागलं होतं, त्याचे पैसे सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केले, म्हणे लोकवर्गणीतून बघा. एकीकडे एका अंड्याची मारामार, दुसरीकडे व्हेज रॅप नाही म्हणून स्टार कापला. धन्य आहे.

जरा थांबतो. चहा घेऊन आलो.

हां, मीही काही संत नाही. शनिवारी उशीर झाला की दोन मिनिटांचे नूडल्स मीच देतो, आणि तो डबा चाटूनपुसून परत येतो. टीचरवर एवढं चिडायचं कारण नव्हतं. चाळीस पोरं, वीस मिनिटं, वरून आलेला तक्ता भरून द्यायचा. त्या तरी कुणाच्या डब्यापाशी बसणार? पण एक घास हो. एकच घास घेतला असता. शेपू कडू नव्हता, लसूणही चांगला लागला होता. आत्ता ओट्यापाशी उभं राहून मीच संपवला सगळा, गारढोण. लेक बघत होती. "वास येतो," म्हणाली. म्हटलं, येतो तर. मग बोटाने थोडी डाळ उचलून तोंडात टाकली आणि कार्टून बघायला पळाली. आवडली की नाही, विचारलं नाही मी.

गुरुवारी तक्त्यात स्प्राउट्स आहेत. मटकी आत्ताच भिजत घातलीय, उद्या सकाळी फडक्यात बांधीन. गोडा मसाला आणि किंचित गूळ घालून उसळ, दोन पोळ्या. लेकीचा प्रश्न आलाच, "उसळीला स्टार मिळेल?"

म्हटलं, तक्त्यात आहे की गं. त्यांना फक्त तिचं मराठी नाव माहीत नाहीये.