चहा सोडून सगळं मिळेल

आमच्या मुलाच्या शेजारी एक आजी-आजोबा राहतात. म्हणजे वयाने आमच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे, पण त्यांना आजोबा म्हटलं की आमच्या ह्यांना बरं वाटतं. तर हे दोघं मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे. सॉल्ट लेक सिटीजवळचं आपलं छान घर कुलूप लावून, गाडीला ट्रेलर जोडून शेजारच्या वायोमिंग राज्यात त्यांच्या चर्चच्या एका रँचवर मिशनला, म्हणजे धर्मसेवेला गेले. मिशन म्हटल्यावर मला वाटलं दारोदार बेल वाजवणार, पण ते मुख्यतः त्यांच्यातल्या तरुण पोरांचं काम, रिटायर जोडप्यांना कुठे ऑफिस, कुठे म्युझियम, कुठे रँच अशी कामं मिळतात. पगार शून्य आणि राहण्या-खाण्याचा खर्च आपला आपण. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे पदरचे पैसे घालून राबायचं?" रिटायर झाल्यापासून या माणसाने स्वतःचा टॉवेल वाळत घातलेला नाही, त्यामुळे त्यांचा धक्का मी समजू शकते.

बाईंनी फोनवर "या की राहायला" म्हटलं. आता असं कोणी तोंडदेखलं म्हटलं तरी आपण बॅग भरतो, आणि ह्या तर मनापासून म्हणाल्या होत्या. मुलाने पाच-एक तास गाडी चालवून आम्हाला सोडलं आणि जाताना हळूच सांगितलं, "आई, तिथे चहा मागू नकोस."

मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत. 1833 साली त्यांच्या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जो आदेश झाला त्यात दारू, तंबाखू आणि गरम पेयं नकोत असं आहे, आणि गरम पेयं म्हणजे चहा नि कॉफी असा अर्थ ते लावतात. आपला चहा, तंबाखूच्या मांडीला मांडी लावून! बरं, वाफाळतं हॉट चॉकलेट मात्र चालतं. का चालतं ते मी विचारलं नाही, पाहुण्याने नको तिथे डोकं चालवू नये. पाहुण्यांनी प्यायलं तर त्यांची काही हरकत नसते म्हणे, पण त्यांच्याच ट्रेलरमधे त्यांच्याच पातेल्यात चहा उकळायचा हे मलाच कसंतरी वाटत होतं. म्हणून मी चहा पावडर, आलं, वेलची सगळं नेलं होतं, आणि एक छोटा कॅम्पिंगचा स्टोव्ह.

पण वायोमिंगचा वारा! तिथे वारा सुटत नाही, तो तिथेच राहतो. पहाटे तिथल्या हातगाड्यांच्या (त्या कसल्या, ते पुढे सांगते) शेडमागे जाऊन स्टोव्ह पेटवायचा, वाऱ्याने विझवायचा, मी पेटवायचा, त्याने विझवायचा. ह्यांनी आडोशाला चादर धरली तर चादरीसकट हेच दोन पावलं सरकले. पावडरचा पहिला चमचा बहुतेक शेजारच्या नेब्रास्का राज्यात पोचला असेल. त्यात ती जागा सहा हजार फुटांच्या आसपास उंचीवर, पाणी 94 डिग्रीलाच उकळून मोकळं होतं आणि चहाला रंग काही चढत नाही. तो पिवळट काढा आम्ही उभ्याउभ्या, चोरासारखे प्यायचो आणि मग म्हाताऱ्यांबरोबर कामाला.

काम म्हणजे टॉयलेट धुणे, पाण्याचे कॅन भरणे, हातगाड्यांच्या चाकांना वंगण, येणाऱ्या लोकांना माहिती सांगणे, आणि हे सगळं गाणी गुणगुणत! ह्यांच्या हातात ब्रश दिला तेव्हा मी फोटो काढून लेकाला पाठवायला गेले, तर रेंजच नाही. जेवायला एकदा हिरवी जेली आली, लिंबाच्या चवीची. ह्यांनी तीनदा घेतली, आणि मग कोणीतरी सांगितलं की जिलेटिन जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात. चार पिढ्यांचं शाकाहारी घराणं एका वाटीत बुडालं.

या जागेचं नाव मार्टिन्स कोव्ह. 1856 साली इंग्लंडमधून वगैरे आलेले मॉर्मन लोक, बैलगाडीला पैसे नाहीत म्हणून हातगाड्या ओढत सॉल्ट लेककडे निघाले होते, निघायलाच उशीर झाला आणि ऑक्टोबरातच बर्फाने गाठलं, मग नोव्हेंबरात त्यांनी डोंगराच्या या खोबणीत आसरा घेतला. वाटेत शंभराच्या वर माणसं गेली. 1996 मधे चर्चने इथला जुना सन रँच विकत घेतला, आणि आता दर उन्हाळ्यात टीनएजर पोरं लांब स्कर्ट नि गॅलिस घालून त्याच वाटेवर गाड्या ओढतात, फोन घरी ठेवून. आठ-दहा पोरांमागे एक जोडपं आई-बाप म्हणून दिलेलं असतं. मी त्या गाड्या बघत होते आणि आजोबा सांगत होते की तेव्हा माणशी सामान 17 पौंड, अंथरूण-कपडे-भांडी धरून. पावणेआठ किलो! आम्ही ठाण्याहून येताना माणशी तेवीसच्या दोन बॅगा आणल्या, त्यातली एक निव्वळ भाजणी, मेतकूट आणि लोणच्याची, आणि तरी काउंटरवर अर्धा किलोसाठी भांडलो. त्या बायांनी काय टाकलं असेल मागे, हे माझ्या डोक्यात रात्री ट्रेलरमधे वारा ऐकताना पुष्कळ वेळ घोळत राहिलं. पुढे वाटेत तर ते सामानही दहा पौंडांवर आणलं होतं.

मग आला महिन्याचा पहिला रविवार. त्यादिवशी त्यांचा उपवास, दोन वेळचं जेवण नाही आणि पाणीसुद्धा नाही, वाचलेले पैसे गरिबांना द्यायचे. मी उत्साहात म्हटलं आम्हीपण करतो की उपवास, चतुर्थी, एकादशी, आज आम्हीही तुमच्याबरोबर. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला मिठी मारली.

दुपारी त्या जरा पडल्यात असं बघून मी त्यांच्या छोट्या किचनमधे खिचडी टाकली, बाजूला दाण्याची आमटी. वास गेला असणार. बाई दारात.

"सोडलात का उपवास?"

"नाही नाही, चालू आहे."

त्यांनी कढईत वाकून पाहिलं. "बटाटा चालतो?"

"चालतो."

"शेंगदाणे?"

"ते तर लागतातच. आणि तूप."

बाई बराच वेळ गप्प. कोरडे पडलेले ओठ, सकाळपासून पाण्याचा घोट नाही, आणि माझ्या झाऱ्यावर साबुदाणा असा मोत्यासारखा सुटा झालेला.

"आणि तुम्ही दोघं रोज पहाटे शेडमागे चादर धरून उकळता, ते?"

हे मागून म्हणाले, "ते तर सगळ्यात आधी चालतं."