देवाचं मूल म्हणू नका, त्याला काम सांगा

चवथीच्या आधी गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या बाजारात) ओळखीच्या एक काकी भेटल्या. माझ्या धाकट्या भावाच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "देवाचें भुरगें तें, ताका कितें कळटा!" म्हणजे देवाचं मूल ते, त्याला काय कळतंय! भावाचा जन्म 1992 चा. मिशा आहेत त्याला. हातातल्या पिशवीत सुपारीची शिपटी (घोस) होती, ती त्यानेच निवडून, मोजून घेतली होती. घरी पोचेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

काकींच्या मनात माया होती हे मला माहीत आहे. पण डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान या मायेने केलंय असं मला आता ठामपणे वाटतं. देवाच्या मुलाकडून कोण काय अपेक्षा करणार? त्याला शिकवायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं जपायचं. आणि पंधरा वर्षांनी म्हणायचं, बघा, याला काहीच येत नाही.

आमच्या घरात हेच झालं. तो जन्मला तेव्हा एका डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, "याच्यावर फार खर्च करू नका, मोठ्या मुलीकडे लक्ष द्या." ती मोठी मुलगी मी. माझ्या शिकवण्या लागल्या. त्याला आई चौदा वर्षांचा होईपर्यंत घास भरवत होती.

पेशीत 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते म्हणून हे होतं, हे पॅरिसमध्ये 1959 सालीच कळलं होतं. आई मात्र कितीतरी वर्षं ग्रहणात आपण काय चिरलं, काय शिवलं ते आठवत बसायची. यातल्या निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. भावाचं हृदय ठणठणीत निघालं हे आमचं नशीब. अमेरिकेत 1983 च्या सुमारास या लोकांचं सरासरी आयुष्य 25 वर्षांचं होतं, आता ते साठीच्या आसपास गेलंय. गुणसूत्र तेच आहे. फरक पडला तो हृदयाच्या शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागल्या, मुलांना संस्थांमध्ये टाकून न देता घरी वाढवू लागले, म्हणून.

आज आमच्या शेजारची छोटी तिसऱ्या महिन्यापासून फिजिओथेरपीला जाते. या मुलांचे स्नायू सैल असतात, मान धरायला, बसायला, बोलायला उशीर लागतो, पण लवकर सुरुवात केली तर खूप फरक पडतो. तिची आई थायरॉईडची तपासणी चुकवत नाही. छोटी बालवाडीत जाते, आणि खेळणी उचलली नाहीत तर तिला ओरडाही बसतो. तो ओरडा ऐकला की मला बरं वाटतं आणि रडूही येतं. माझ्या भावाला तसं कुणी ओरडलंच नाही.

2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा त्याला घेऊन गेले होते. एवढ्या गर्दीत कुणी वळून त्याच्याकडे बघत राहिलं नाही. असं मी पहिल्यांदाच अनुभवलं. पण उत्सव संपला की पुन्हा आपला वाडा, आपली शाळा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, जवळच्या शाळेत किंवा पालकांना हवं तर विशेष शाळेत. तरी "आमच्याकडे याला जमणार नाही" हे वाक्य पालकांना अजून ऐकावं लागतं.

भावाला एकट्याने बस पकडायला मी शिकवलं, तो सव्वीस वर्षांचा असताना. चार महिने लागले. पहिल्या दिवशी मी स्कूटरवरून बसच्या मागे मागे गेले होते. आता तो डिचोलीहून साखळीला मावशीकडे एकटा जातो, सुटे पैसे नीट मोजून देतो. सहाव्या वर्षापासून शिकवलं असतं तर तो आज कुठे असता, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

डिचोली-साखळी भागात कुणाच्या घरी असं बाळ जन्मलं असेल तर मला मेसेज करा. बाळाच्या आईला भेटायला आम्ही दोघं येऊ. आणि भाऊ आला की त्याला नुसतं बसवून ठेवू नका. नारळ सोलायचे असतील तर सांगा, तो छान सोलतो.